पाडसाची हाक

गणोजीचं म्हणणं असं, की माणसाच्या बोलण्यातून शब्द तेवढे वेचून बाजूला काढले, तर मागं जे उरतं ते सगळं जनावरांचंच असतं. शब्द म्हणजे नुसती वरची झूल. हे तो देवासात ज्याला त्याला ऐकवायचा आणि पुरावे गल्लीतलेच द्यायचा. समोरच्या जानकीबाई गच्चीवरून "सीतेऽऽ, अगं ए सीतेऽऽ" अशी सुनेला हाक मारत, ती थेट मोराची. "मोर निदान पिसारा तरी दाखवतो," हे गणोजी हळू आवाजात पुढं जोडी. कचेरीतला कारकून साहेबापुढं "होय सरकार, होय सरकार" करू लागला, की गणोजीला मादीपुढं गळा फुगवून घुमणारा पारवा दिसे. आणि टोळीतली लहान माकडं हुप्प्यासमोरून जाताना जे दबकं कण्हतात, ते गणोजी स्वतः उशिरा घरी आला की बायकोसमोर, सगुणाबाईसमोर कण्हत असे. स्वतःच्या घरचा पुरावा त्यानं कधी लपवला नाही.

देवास म्हणजे तेव्हा एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची एक कड या राजाची तर दुसरी त्या राजाची. पावशा मराठ्यांच्या अंगणात "पेरते व्हा, पेरते व्हा" ओरडायचा, आणि तोच उडून पलीकडं माळवी शेजाऱ्याच्या लिंबावर बसला की "पी कहाँ, पी कहाँ" सुरू. दोन्हीकडची मंडळी पाखरू आपल्याच भाषेत बोलतंय म्हणून खूश. गणोजी म्हणे, "ते बिचारं एकच बोलतंय. त्याच्या पोटातलं कुणाला कळत नाही, म्हणून जो तो त्याच्या तोंडी आपलं घालतो."

हे ज्ञान काही त्यानं हौसेखातर मिळवलेलं नव्हतं. जवळच्या एका जहागिरीच्या शिकारखान्यात तो चाकरीला होता. जनावरांना साद घालून बंदुकीच्या टप्प्यात आणायचं, हे त्याचं काम. बडी मंडळी झुडपाआड बसायची, गणोजी त्यांच्या पायाशी. तित्तर हवा असला तर तो तित्तराचा आवाज काढून भांडण उकरून काढी, आणि खरा तित्तर छाती काढून भांडायला येई. त्याच्या बोलण्याला भुलून जितकी जनावरं आली, तितकी माणसं एखाद्या पुढाऱ्याच्या सभेलाही येत नसतील. शेवट दोघांचा बहुधा सारखाच.

पण गणोजीचं खरं नाव होतं ते पाडसाच्या हाकेसाठी. लांडग्यानं धरलेलं चितळाचं पोर जसं ओरडतं, तो आवाज. आधी उंच चढणारा, मग मध्येच चिरकणारा, आणि शेवटी जणू पाणी गिळल्यासारखा खाली पडणारा. तो रानात घुमला की हरणी यायचीच. समोर माणूस दिसत असला तरी यायची, बंदुकीच्या दारूचा वास येत असला तरी यायची. डोळे सांगत असत पळ, नाक सांगत असे पळ, पण ती एकट्या कानाचं ऐके. आणि जहागीरदारांना नेम फारसा लागत नसल्यानं अशी आपण होऊन समोर येणारी शिकार फार पसंत होती.

कमल जन्मली त्या दिवशी गणोजी शिकारीवरच होता. दुपारी खांद्यावर वाट्याचं मांस टाकून, विडी ओढत तो घरी आला. अंगणात पाय ठेवला तोच बाळंतिणीच्या खोलीतून पहिला टॅहॅ ऐकू आला. उंच चढला, मध्ये चिरकला, शेवटी खाली पडला. गणोजी जागच्या जागी थिजला. त्याला क्षणभर वाटलं, घरात कुणीतरी आपली नक्कल करतंय. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "मुलगी झाली, लक्ष्मी आली, असे काय बघता चोर धरल्यासारखे?"

ते मांस त्यानं वाटेवरच्या कुत्र्यांना टाकलं. दुसऱ्या दिवशी शिकारखान्यात जाऊन सांगितलं, घसा बसला, पाडसाचा आवाज आता लागत नाही. तित्तर, मोर, कोल्हा म्हणाल ते करीन. जहागीरदार संतापले आणि त्याला कुत्र्यांना पाणी पाजण्याच्या कामावर ठेवलं. गणोजीनं ते निमूटपणे केलं. कुत्रीही बोलतातच, आणि बढतीची अपेक्षा करत नाहीत.

कमल त्या घरात दोन भाषा शिकत वाढली. जेवायला बोलावणं तित्तराचं. रुसवा काढायचा तो पारव्याच्या घुमण्यानं. आणि पोर टांग्याच्या वाटेवर धावू लागली, की गणोजी चितळाचा धोक्याचा आवाज काढी. एकच, तुटका, टोकदार. तो ऐकला की कमल जिथं असेल तिथं खांबासारखी उभी राही. सगुणाबाई कपाळावर हात मारून म्हणे, "अहो, लोकांच्या पोरी बाराखडी शिकतात!" पण एक खरं, आख्खं रान फसवणाऱ्या बापाला ही पोरगी मात्र कधी फसली नाही. परसात खरा तित्तर बोलला तर मानही वर करत नसे. बाप बोलला की "आले, आबा!"

"तुला गं कसं कळतं?" त्यानं एकदा हरून विचारलं.

"तुम्ही शेवटी श्वास घेता, आबा. पाखरू नाही घेत."

पाडसाची हाक मात्र तिनं जन्मात ऐकली नव्हती. ती तिच्या जन्माबरोबरच बंद झाली होती.

पुढं संस्थानं विलीन झाली, जहागिरी गेल्या. शिकारखान्यातले घोडे विकले गेले, कुत्री ज्यानं त्यानं वाटून घेतली. गणोजीला कुणी वाटूनही घेतलं नाही. तो कापसाच्या जिनात राखणदार झाला. आणि अशा दिवसांत एके सकाळी धारेहून जगदेवराव दारात उभे राहिले.

जगदेवराव म्हणजे धारेकडच्या एका जहागिरीच्या शिकारखान्याचे जुने दारोगा. आता त्यांच्या राज्यात एक बंदूक, दोन मिशा आणि भिंतभर शिंगं एवढंच उरलं होतं. त्यांनी आपल्या माधवसाठी कमलला मागणी घातली. "हुंडा नको, मानपान नको. तुम्ही आपले येत-जात राहा, गणोजीराव, म्हणजे झालं."

गणोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. सगुणाबाईच्या आलं नाही. ती म्हणाली, "फुकटचं ताट पुढं आलं की आधी मांजराला हुंगवावं." पण घरात मांजर नव्हतं. लग्न झालं.

व्याह्यांना गणोजी कशासाठी हवा होता, ते पहिल्याच खेपेला कळलं. ओसरीवर पाहुणे जमलेले. जगदेवराव त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हे आमचे व्याही. बोलतात."

"क्या बोलते हैं?" कुणीतरी विचारलं.

"जे सांगाल ते. व्याहीबुवा, जरा कोल्हा होऊ द्या."

मुलीचा बाप कोल्हा झाला. मग मोर झाला. "अरे भिया, गजब! एक बार तीतर भी हो जाए!" तित्तरही झाला. आत माजघरात कमल पदर डोक्यावर ओढून भाकरी थापत होती. भिंतीवरच्या शिंगांच्या रांगेत एक खिळा रिकामा होता. जगदेवराव दर खेपेला त्याच्याकडं बोट दाखवून म्हणत, "ही जागा आमच्या व्याह्यांसाठी राखलीय!" आणि सगळे पोट धरून हसत. गणोजीही हसे. हा आवाज त्याला शिकारखान्यात कुणी शिकवला नव्हता. मुलगी दिली की तो आपोआप येतो.

आणि दर खेपेला शेवटी तीच मागणी. "पाडसाची हाक?"

"घसा गेला, सरकार. विसरलो."

"मी एकदा ऐकलीय ती, तुमच्या जहागिरीत पाहुणा आलो होतो तेव्हा. अजून अंगावर काटा येतो. एकदा ऐकूनच मरणार आहे मी." जगदेवराव हे इतक्या प्रेमानं म्हणत, की मरणार नक्की कोण, ते ऐकणाऱ्याला कळत नसे.

कमलला दिवस गेले. संक्रांतीला ती देवासला आली होती तेव्हा आईच्या कुशीत शिरून म्हणाली होती, "पहिल्या खेपेला मी तुझ्यापाशीच येणार हं, आई. तिकडं मला रडायलासुद्धा विचारावं लागतं." पहिलं बाळंतपण माहेरी, हा तर शिरस्ताच. सगुणाबाईनं बाज नव्यानं विणून घेतली, डिंक आणि अळीव भरले, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, आणि खोलीच्या भिंती सारवल्या. सातवा लागला तशी हिरवं लुगडं गणोजीच्या हातात देऊन म्हणाली, "ओटी भरून घ्या आणि पोरीला घेऊनच या. तिथं कुणी काही करायला सांगितलं तर करा. कोल्हा म्हणाले तर कोल्हा, गाढव म्हणाले तर गाढव. पण पोरीशिवाय येऊ नका."

गणोजी इंदूरला मोटार बदलून धारेला पोचला, तर तिथं घरासमोर बैलगाड्या जुंपून तयार. जगदेवरावांनी सुनेचं डोहाळजेवण रानात योजलं होतं. कुणी बागेत करतं, कुणी नावेत करतं, दारोगांनी नालछा गावाच्या पुढं ओढ्याकाठी मांडलं. माळव्यात अशा रानजेवणाला गोठ म्हणतात, आणि गोठ म्हटली की गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, बाफले, आलेच. बायका आंब्याखाली बसल्या. कमलला हिरवं लुगडं नेसवलं, डोक्यावर फुलांची जाळी घातली, हातभर हिरव्या बांगड्या. ओटी भरताना कुणी म्हातारीनं विचारलं, "काय गं, डोहाळे कसले?"

"माहेरी जायचे," कमल म्हणाली. सगळ्या हसल्या. लांबून जगदेवरावही हसले.

मग बाफले फुलेपर्यंत पुरुष मंडळी ओढ्यापलीकडं फिरायला निघाली. जगदेवरावांच्या खांद्यावर बंदूक होती, पण ती त्यांच्या खांद्यावर सत्यनारायणालाही असे. मागून माधव चालत होता. हा मुलगा इतका आज्ञाधारक, की वडिलांनी सांगितल्याशिवाय त्याला ठेचही लागत नसे. दाट झुडपांपाशी येऊन जगदेवराव थांबले.

"व्याहीबुवा, सूनबाईंचे डोहाळे ऐकलेत ना? पुरवायलाच हवेत. पाडसाची हाक घाला. हरणी आली की उद्या पहिल्या मोटारीनं पोरीला घेऊन जा."

"आणि नाही आली तर?"

"तर बाळंतपण आमच्या घरी. आम्ही काय परके?"

पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, "वा! शर्त तो बढ़िया है!"

गणोजीनं जावयाकडं पाहिलं. जावई स्वतःच्या बुटाकडं पाहत होता. "सरकार, घसा गेलाय हो माझा," गणोजी म्हणाला. पण हे म्हणताना त्याचा आवाजच असा निघाला, की तो घसा ठणठणीत आहे हे कुत्र्यालाही कळलं असतं. जगदेवराव नुसते हसत राहिले. गणोजीला ती विणलेली बाज दिसली, सारवलेल्या भिंती दिसल्या. पोरीशिवाय येऊ नका.

तो गुडघ्यावर बसला, हाताची ओंजळ तोंडाशी नेली आणि हाक घातली.

इतक्या वर्षांनी ती तशीच निघाली. चढली, चिरकली, पडली.  पाहुण्यांचं हसू थांबलं. एकानं तर "राम राम" म्हटलं. रान मात्र गप्प. हरणी यायला रानात हरणी हवी. दारोगांसारख्यांनी विलीनीकरणानंतर, कुणाची आडकाठी उरली नाही म्हणून, तिथलं शिंग अन् शिंग भिंतीवर लावलं होतं. गणोजीनं पुन्हा हाक घातली. मग पुन्हा. आता तो व्याह्यांसाठी ओरडत नव्हता. पोरीच्या मोटारीसाठी ओरडत होता, आणि म्हणून ती हाक इतकी खरी होत गेली की शिकारखान्याच्या भरभराटीतही तशी झाली नसेल.

तोच ओढ्याकडून पाचोळा वाजला. झुडपं हलली. जगदेवरावांनी बंदूक खांद्याला लावली.

गणोजीच्या छातीत आनंद उसळला. आली! आली बिचारी! आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या कानानं बांगड्या ऐकल्या.

हरणीला बांगड्या नसतात. "कमल" म्हणून ओरडावं तर त्याच्या तोंडात त्या घडीला माणसाचा एक शब्द सापडेना. निघाला तो चितळाचा धोक्याचा आवाज. एकच, तुटका, टोकदार. झुडपांतली हालचाल जागच्या जागी थांबली, खांबासारखी. जगदेवरावांना फटीतून फुलांची जाळी दिसली आणि त्यांनी बंदूक खाली घेतली.

कमल बाहेर आली. धापा टाकत होती. जाळी सुटून खांद्यावर लोंबत होती, पायात काटे. ओढ्यापलीकडं बायका तिला हाका मारत होत्या. ओरडणं ऐकून त्यांनी तिला धरून ठेवलं होतं, रानातला चकवा आहे, पोटुशीनं जाऊ नये म्हणून. ती हात सोडवून आली होती.

"कुठंय?" तिनं सगळीकडं पाहिलं. "इथं बाळ रडत होतं. आबा, कुठंय ते बाळ?"

 गणोजी अजून गुडघ्यावरच होता, हात तोंडाशी.

"मीच गं ते," तो म्हणाला.

कमलनं त्याच्याकडं पाहिलं.  आयुष्यभर कधी न फसलेली पोर फसली होती, आणि ती कशाला फसली, ते तिनं एका हातानं सावरून धरलेल्या पोटात होतं.

मग पहिला पाहुणा हसला, आणि सगळ्यांनाच सुटका झाल्यासारखी झाली. "अरे भिया! बहू को ही बुला लिया!" जगदेवरावांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. त्यांनी गणोजीला हाताला धरून उठवलं, गुडघ्यांवरची माती झटकली. "मानलं, व्याहीबुवा! याला म्हणतात हाक! पण शर्त ती शर्त. हरणी आली असती तर पोरगी नेली असतीत. आता पोरगी आली, तर हरणी कुठाय?"

गोठीला बाफले फार छान झाले होते म्हणतात.

देवासच्या मोटार अड्ड्यावर सगुणाबाई टांगा घेऊन उभी होती. गणोजी एकटा उतरला. तिनं त्याच्या मागं मोटारीत डोकावून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग टांगेवाल्याला म्हणाली, "चल रे बाबा." घरी येऊन तिनं बाज उचलली आणि भिंतीशी उभी करून ठेवली. त्या रात्री गणोजी नेहमीसारखा कण्हला, पण समोरून उत्तर आलं नाही.

कमल धारेलाच बाळंत झाली. फार अडली होती म्हणे. आईला बोलावणं गेलं ते सगळं पार पडल्यावर, बारशाचं. मुलगा झाला होता. जगदेवरावांनी अर्धी धार जेवायला बोलावली आणि ओसरीवर गणोजीला आपल्या शेजारी, रिकाम्या खिळ्याच्या बरोब्बर खाली बसवलं. गोठीची गोष्ट गावभर झाली होती. आलेला प्रत्येक पाहुणा ती सांगायला लावी, आणि जगदेवराव दर खेपेला हरणीच्या जागी थोडं थांबून ती छान सांगत.

"काय व्याहीबुवा, आज होणार की नाही?" कुणी विचारलं.

"नाही हो," गणोजी म्हणाला. "ती आता नाही."

माजघरात कमल चौरंगावर बसली होती, बायका तिची ओटी भरत होत्या. ओळखू येऊ नये इतकी वाळली होती. पाळणा आतल्या खोलीत सजवून ठेवलेला, बाळ त्यात निजलेलं. दाराच्या चौकटीतून गणोजीला तिची अर्धी बाजू दिसत होती. आल्यापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती, पण पाया पडली होती.

एवढ्यात आवाज आला. उंच चढला, मध्ये चिरकला, खाली पडला.

 मग ओसरीवर टाळ्यांचा कडकडाट उठला. "वाह भिया! वाह!" पाळण्याकडं एकाचीही मान वळली नाही. सगळ्या माना गणोजीकडं. जगदेवरावांनी त्याला मिठीच मारली. "शेवटी केलीत! नातवाच्या बारशाला केलीत!"

गणोजीनं मान हलवली. मी नाही. ओठ घट्ट मिटून दाखवले. तरी लोकांचं हसू थांबेना म्हणून त्यानं उपरण्याचं टोक दातांत धरलं. तेव्हा तर लोक गडाबडा लोळले. "मुँह बंद करके! देखो, मुँह बंद करके भी!"

आवाज पुन्हा चढला. गणोजीनं चौकटीतून आत पाहिलं. कमल अर्धी उठली होती, ओटीतले गहू सांडले होते. ती कान देऊन ऐकत होती. आवाज चिरकला, खाली पडला, आणि शेवटी, दमून, त्यानं एक मोठा श्वास घेतला.

कमल खाली बसली. तिनं पदर सारखा केला, आणि दाराकडं न पाहता, अगदी हळू म्हणाली, "पुरे ना, आबा."

आत ते रडतच राहिलं.